कोळंबीची मर, तीन लॅब आणि तीन वेगळे रिपोर्ट: यातलं खरं कोणतं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणारे गृहस्थ नाशिकला राहतात. पालघरकडच्या खाजणात मेहुण्याबरोबर भागीदारीत त्यांचे व्हेनामी कोळंबीचे तलाव आहेत. पिलं सोडल्यावर पंचविसाव्या दिवसाच्या आसपास दोन तलावांत मर सुरू झाली, शेजारचा तिसरा तलाव मात्र ठणठणीत. पहिल्या लॅबने बशीत जिवाणू वाढवून ‘हिरवा व्हिब्रिओ जास्त’ असं लिहून दिलं. दुसरीने पीसीआर, म्हणजे ठरावीक जनुक शोधणारी चाचणी, करून ‘व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस पॉझिटिव्ह, एएचपीएनडी निगेटिव्ह’ असं कळवलं. (एएचपीएनडी हा कोळंबीला झपाट्याने मारणारा रोग.) तिसरीने नमुन्यातल्या सगळ्या जिवाणूंची जनुकीय यादी काढली. ती पानंच्या पानं आहे आणि व्हिब्रिओ त्यात ३८ टक्के. आता ते विचारतात, यातला खरा रिपोर्ट कोणता, आणि नेमका जिवाणू सांगणारी जनुकीय चाचणी नाशिकमध्येच होईल का?

जलचरांच्या रोगनिदानाचं काम मी आधी किनाऱ्यावर केलं आणि आता बरीच वर्षं नाशिकमध्ये करते आहे. असे तीन-तीन रिपोर्ट हातात घेऊन गोंधळलेले लोक मला नवे नाहीत. माझ्या मते तुमचे तिन्ही रिपोर्ट खरे असू शकतात, कारण त्यांत भांडण नाहीच. तीन लॅबना तीन वेगळे प्रश्न विचारले गेले आणि प्रत्येकीने आपल्यापुरतं उत्तर दिलं. तुमचा प्रश्न, म्हणजे ‘माझी कोळंबी कशाने मरते आहे?’, हा मात्र तिघींपैकी कुणालाच कुणी विचारलेला दिसत नाही.

व्हिब्रिओपासूनच सुरुवात करू. खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ असतोच. खाडीत, चिखलात, कोळंबीच्या कवचावर, तिच्या पोटात, निरोगी तलावातही तो सापडतो. तुम्ही नाशिकचे, म्हणून द्राक्षाचं उदाहरण देते. डाऊनीचे बीजाणू बागेत येतातच, पण पानावर ओल टिकली आणि हवामान जुळलं तरच रोग पडतो. बीजाणू दिसला म्हणून कुणी बाग गेली म्हणत नाही. तलावातल्या व्हिब्रिओचंही तसंच आहे. ‘सापडला’ आणि ‘त्याने मारलं’ यांत बरंच अंतर आहे, आणि जनुकीय चाचणी कितीही महाग घेतली तरी ते अंतर ती एकटी पार करत नाही.

पहिल्या लॅबचा हिरवा-पिवळा प्रकार टीसीबीएस नावाच्या माध्यमावर होतो. त्यात साखर असते. जो व्हिब्रिओ ती साखर आंबवतो त्याची वसाहत पिवळी दिसते, जो आंबवत नाही त्याची हिरवी. पॅराहिमोलिटिकस हिरवा येतो, अल्जिनोलिटिकस पिवळा. किनाऱ्यावर ‘हिरवा म्हणजे वाईट, पिवळा म्हणजे चालतंय’ असा समज पक्का बसलेला आहे. पण हिरव्यांत निरुपद्रवी जिवाणू भरपूर असतात आणि पिवळ्यांतही त्रासदायक निघतात. आठवड्यागणिक एकाच तलावाची मोजणी ठेवली तर आकडा चढतो की उतरतो एवढं कळायला ही बशी स्वस्त आणि चांगली. एकदाच मोजून रोगाचं नाव ठेवायला ती कामाची नाही.

दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट तिघांत सगळ्यात अर्थपूर्ण आहे, आणि नेमका तोच तुम्हाला विसंगत वाटला. ‘पॅराहिमोलिटिकस पॉझिटिव्ह आणि एएचपीएनडी निगेटिव्ह, हे कसं?’ असं तुम्ही विचारलंत. हे समजायला एएचपीएनडीचा इतिहास माहीत हवा.

२००९ च्या सुमारास चीनमध्ये आणि पाठोपाठ व्हिएतनाम, थायलंडमध्ये पिलं सोडल्यावर महिन्याभराच्या आत तलावच्या तलाव रिकामे होऊ लागले. लोक त्याला ईएमएस, म्हणजे लवकर होणारी मर, म्हणायचे. याच रोगाला आता एएचपीएनडी म्हणतात. बराच काळ कारण सापडेना. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठातल्या डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने दाखवलं की यामागे व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस आहे. गंमत अशी की हा जिवाणू जुनाच. १९५० साली जपानमधल्या ओसाकात अन्नविषबाधेची मोठी घटना झाली तेव्हा त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी तो शोधला होता. जगभरच्या किनाऱ्यांवर तो आहे. मग कोळंबीला तो एकाएकी का मारू लागला?

उत्तर त्याच्या मूळ गुणसूत्रांत नव्हतं. ते होतं प्लाझ्मिडमध्ये. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं एक सुटं कडं. हे कडं साधारण ७०,००० अक्षरांचं आहे आणि त्यावर पिर-ए आणि पिर-बी अशी दोन जनुकं बसलेली आहेत. त्या दोघांची विषप्रथिनं मिळून कोळंबीच्या हेपॅटोपँक्रियाच्या, म्हणजे तलावावर ज्याला ‘एचपी’ म्हणतात त्या अवयवाच्या, नळ्यांचं अस्तर सोलून काढतात. जिवाणू पोटात वस्ती करतो आणि विष एचपीपर्यंत पोचतं. म्हणजे जातीचं नाव एक गोष्ट, हत्यार दुसरी. हत्यार नसलेला पॅराहिमोलिटिकस तलावात सुखाने राहतो. उलट हेच प्लाझ्मिड पुढे हार्वेयी, कॅम्पबेली, ओवेन्सी या दुसऱ्या व्हिब्रिओंतही सापडलं. त्यामुळे जात ओळखणारी चाचणी पॉझिटिव्ह आणि हत्यार शोधणारी निगेटिव्ह येणं अगदी शक्य आहे. तुमच्याकडे बहुधा तेच झालंय.

बहुधा म्हणते, कारण त्या निगेटिव्हवर किती विसंबायचं हे त्यांनी कोणती पद्धत वापरली यावर ठरतं. सुरुवातीच्या एपी-१ आणि एपी-२ या चाचण्या प्लाझ्मिडचा एखादा भाग पकडत, विषाचं जनुक पकडत नसत. काही जिवाणूंत प्लाझ्मिड शिल्लक असतं पण विषाची जनुकं गळून गेलेली असतात. असे जिवाणूही त्या चाचण्यांत पॉझिटिव्ह येत. नंतरची एपी-३ थेट विषाचं जनुक शोधते. एपी-४ ही दोन टप्प्यांची पीसीआर आहे, त्यामुळे नमुन्यात जिवाणू थोडे असले तरी तिची पकडण्याची ताकद जास्त. लॅबला फोन करून एवढंच विचारा: ‘तुम्ही विषाचं जनुक तपासलंत की प्लाझ्मिड? एकाच टप्प्याची पीसीआर होती, नेस्टेड म्हणजे दोन टप्प्यांची होती, की डीएनए किती तेही मोजणारी रिअल टाइम? आणि नमुना थेट तपासलात की आधी रसात वाढवून?’ शेवटचं विशेष विचारा. पोट आणि एचपीचा नमुना मीठ घातलेल्या पोषक रसात चार-सहा तास वाढवून मग पीसीआर केली तर कमी संख्येतला व्हिब्रिओही हाती लागतो. अल्कोहोलमध्ये बुडवून पाठवलेल्या नमुन्यावर हे करता येत नाही, कारण त्यातले जिवाणू मेलेले असतात.

आता तिसरा रिपोर्ट. यावर तुमचे सगळ्यात जास्त पैसे गेलेत आणि निदानाच्या दृष्टीने मी तो शेवटी ठेवला असता.

ही यादी १६एस नावाच्या जनुकावरून काढतात. कार्ल वूझ यांनी १९७७ मध्ये या रेणूच्या आधारे सजीवांची वंशावळच नव्याने मांडली, तेव्हापासून जिवाणू ओळखायला त्याचा आधार घेतात. हे जनुक सगळ्या जिवाणूंत आहे आणि सुमारे १,५०० अक्षरांचं आहे. त्यातले काही भाग सगळीकडे सारखे, काही जातीगणिक बदलणारे. अनोळखी जिवाणूचं घराणं शोधायला याच्याइतकं सोयीचं साधन नाही. पण व्हिब्रिओंच्या बाबतीत ते नेमकं थकतं. पॅराहिमोलिटिकस, अल्जिनोलिटिकस, हार्वेयी, कॅम्पबेली, ओवेन्सी हे सगळे एकाच गोतावळ्यातले. त्यांची १६एस जनुकं इतकी सारखी की वेगळं करायला जेमतेम काही अक्षरं उरतात. भरीला एकाच व्हिब्रिओत या जनुकाच्या दहा-अकरा प्रती असतात आणि त्या आपापसांतही थोड्या वेगळ्या असू शकतात. तुमच्या लॅबने वापरलेला व्ही-३ ते व्ही-४ हा तुकडा तर साडेचारशेच्या आसपास अक्षरांचा. त्यावरून ‘व्हिब्रिओ’ एवढं म्हणणं ठीक. त्यापुढे जातीचं नाव छापलेलं असेल तर ते संगणकाने लावलेला सर्वांत जवळचा अंदाज समजा. जात पक्की करायची तर जीवायआर-बी, आरपीओ-ए, आरईसी-ए, पीवायआर-एच अशा तीन-चार जनुकांचं वाचन एकत्र करतात, किंवा शुद्ध वाढवलेल्या जिवाणूचा पूर्ण जीनोम वाचतात.

त्या रिपोर्टातल्या टक्क्यांकडेही नीट बघा. ३८ टक्के म्हणजे तलावात व्हिब्रिओ किती हे नव्हे. नमुन्यातल्या वाचल्या गेलेल्या तुकड्यांत त्याचा वाटा एवढा, इतकंच. बाकीचे जिवाणू कमी झाले तरी त्याचा वाटा वाढतो, तो स्वतः एकानेही न वाढता. शिवाय ज्याच्याकडे या जनुकाच्या अकरा प्रती आहेत तो एक-दोन प्रतीवाल्यांपेक्षा यादीत फुगून दिसणारच. तुम्ही पाठवलेल्या पानांत खाली रॅल्स्टोनिया आणि ब्रॅडिऱ्हायझोबियम अशी मातीतल्या जिवाणूंची नावं आहेत, त्यांनी घाबरू नका. डीएनए काढायच्या किटमध्येच अशांचा अंश असतो आणि नमुना अशक्त असला की तो वर येतो. सायनोबॅक्टेरियाचा, म्हणजे शेवाळासारख्या हिरव्या जिवाणूंचा, मोठा आकडा दिसला तर तोही तपासून घ्या. कोळंबीने खाल्लेल्या शेवाळातलं हरितलवक यादीत तिथे जाऊन बसतं. कोरा नमुना, म्हणजे कोळंबीशिवाय नुसती किट चालवून आलेली यादी, लॅबने सोबत दिली आहे का? नसेल तर मागा. चांगली लॅब ती जपून ठेवते.

यादी वाचून कारण ठरवणं किती फसवं असतं याचं अलीकडचं मोठं उदाहरण समुद्रताऱ्यांचं आहे. थोडं विस्ताराने सांगते, कारण तुमच्या तलावाला ते जसंच्या तसं लागू पडतं.

२०१३ पासून उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत, समुद्रतारे वितळल्यासारखे होऊन मरू लागले. वीसहून अधिक जातींना झळ बसली. त्यातला सूर्यफूल-तारा तर सुमारे ९० टक्के संपला. कोट्यवधी नव्हे, अब्जावधी प्राणी गेले. २०१४ मध्ये जनुकीय वाचनावरूनच एका डेन्सोव्हायरसकडे बोट दाखवलं गेलं. आजारी ताऱ्यांत तो जास्त सापडत होता, गाळलेला अर्क टोचल्यावर काही प्राणी आजारीही पडत होते. पण पुढे तसेच विषाणू निरोगी ताऱ्यांतही मिळाले, प्रयोग पुन्हा करताना निकाल टिकेना, आणि प्रश्न पुन्हा अनुत्तरित राहिला. मधली कित्येक वर्षं कुणी पाण्याच्या तापमानाला दोष दिला, कुणी प्राणवायूला.

२०२५ मध्ये उत्तर आलं: व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा. हा जिवाणूही नवा नव्हता. फ्रान्समध्ये शिंपल्यांच्या अळ्या मारणारा म्हणून तो १९९०च्या दशकातच नोंदला गेला होता. मग इतकी वर्षं तो नजरेतून कसा सुटला? तो शोधणाऱ्या संशोधकांच्या गटाने कातडी आणि हातांचे तुकडे घेण्याऐवजी ताऱ्याच्या शरीरपोकळीतला द्रव तपासला. कातडीवर समुद्रातले हजार जिवाणू असतात, आतला द्रव त्या मानाने स्वच्छ. आजारी आणि निरोगी प्राण्यांचा द्रव शेजारी ठेवल्यावर फरक दिसला. तिथेही ते थांबले नाहीत. आजारी ताऱ्याचा द्रव टोचला की निरोगी तारा आजारी पडायचा. तोच द्रव तापवून टोचला की काही व्हायचं नाही. शेवटी जिवाणू शुद्ध वाढवून टोचला आणि तोच रोग उभा राहिला. यादीने संशयित दिला, गुन्हा सिद्ध केला तो जुन्या पद्धतीच्या प्रयोगाने.

यात मला महत्त्वाची वाटते ती यंत्रसामग्री नाही, नमुना कुठून घेतला ती जागा. आणि दुसरं म्हणजे शेजारी ठेवलेला निरोगी प्राणी. तुमच्याकडे तिसरा तलाव आहे! तीच पिलं, तीच खाडी, तेच खाद्य, आणि मर नाही. एवढी चांगली तुलना घरातच असताना तिन्ही लॅबना फक्त मरणाऱ्या तलावांतले नमुने गेले. तिसऱ्या तलावातही पॅराहिमोलिटिकस तेवढाच निघाला असता तर दुसऱ्या रिपोर्टाची भीती तिथल्या तिथे संपली असती. आता त्या तलावाचा नमुना घ्यायलाच हवा.

नमुना कसा घ्यायचा याबद्दल बोलायचं म्हटलं तर मी थांबत नाही, कारण निदान बिघडतं ते बहुतेक इथेच.

मेलेली कोळंबी पाठवू नका. उन्हात तळाशी पडलेल्या कोळंबीत तासाभरात सगळे जिवाणू माजतात आणि व्हिब्रिओ त्यांत पहिला. पीसीआरला डीएनए जिवंत जिवाणूचा की मेलेल्याचा, आधीचा की नंतर घुसलेल्याचा, हे कळत नाही. चेक ट्रेवर, म्हणजे खाद्य तपासायच्या थाळीवर, सुस्त बसलेली, कडेला येऊन थांबलेली, पोट आणि आतडं रिकामं दिसणारी, एचपी फिकट आणि आकसलेलं असलेली, पण अजून जिवंत अशी कोळंबी निवडा. त्याच तलावातली धडधाकट दिसणारी काही वेगळ्या नळीत. तिसऱ्या तलावातली आणखी वेगळ्या नळीत. नळीवर तलाव, तारीख, पिलं सोडून किती दिवस झाले आणि त्या दिवशीची क्षारता एवढं पेन्सिलीने लिहा. पेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.

पीसीआरसाठी ९५ टक्के इथेनॉल, कोळंबीच्या साधारण दहापट. औषधाच्या दुकानात मिळणारं पातळ स्पिरिट चालत नाही. प्राण्यातलं पाणी मिसळून ते आणखी पातळ होतं आणि आतून डीएनए सडतो. फॉर्मलिन तर अजिबात नको, ते डीएनए तोडतं. बॅक्टेरियाच्या चाचणीसाठी पोट आणि एचपी हवं. डोळे कापून टाका, कारण डोळ्यांतली द्रव्यं पीसीआर बंद पाडतात आणि मग निगेटिव्ह येतो तो खोटा. म्हणूनच चांगल्या रिपोर्टात कोळंबीच्या स्वतःच्या एखाद्या जनुकाची तपासणीही दिलेली असते. ते सापडलं तर समजायचं की नमुना आणि यंत्र दोन्ही धड आहेत. तेच सापडलं नसेल तर खालच्या ‘निगेटिव्ह’ला काही किंमत नाही.

दुसरा संच डेव्हिडसन द्रावणात ठेवा. इथेनॉल, फॉर्मलिन, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड आणि पाणी यांचं ते मिश्रण आहे. जिवंत कोळंबीच्या एचपीत ते आधी सुईने टोचायचं, मग प्राणी त्यात बुडवायचा. एक-दोन दिवसांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवायचा. यातून ऊतींचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. नळ्यांचं अस्तर सोललं गेलं आहे का, ते जिवाणू पोचण्याआधीच सोललं की जिवाणूंची गर्दी झाल्यावर, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. एएचपीएनडीचा खरा पुरावा मी यालाच मानते. लोक याला जुनाट समजून टाळतात, ‘डीएनए टेस्ट’ म्हटलं की खिसा मोकळा करतात.

आणि जिवंत जिवाणू वाढवायचे असतील तर ते तिथेच, तलावाजवळच्या लॅबमध्ये करा. पालघरहून जव्हार, मोखाडा, त्र्यंबक असा घाट चढून नाशिकला बर्फात आणलेली कोळंबी माझ्या टेबलावर पोचेपर्यंत तिच्यातल्या व्हिब्रिओंचं चित्र बदललेलं असतं. थंडी त्यांना मानवत नाही. काही मरतात, काही जिवंत राहूनही बशीत वाढेनासे होतात. तिकडे बशीत वाढवलेली वसाहत मिठाच्या माध्यमावर नळीत उतरवून, फ्रिजमध्ये न ठेवता, साध्या तापमानाला पाठवलीत तर ती मजेत येते.

नमुना किती घ्यायचा? शंभरात दोन प्राण्यांना लागण असेल आणि ती पकडायची ९५ टक्के खात्री हवी तर दीडशेच्या आसपास प्राणी लागतात. पाच टक्के लागणीला सुमारे ६०, दहा टक्क्यांना ३०. निरोगी दिसणाऱ्या पिलांची तपासणी करताना हे आकडे पाळावेच लागतात. मरणाऱ्या तलावातून नेमके आजारी प्राणी उचलले तर मात्र दहाही खूप झाले. पाच कोळंब्या पाठवून ‘हॅचरीचं सीड स्वच्छ’ असा रिपोर्ट मिळवणारे मी बघते, तेव्हा गप्प बसणं जड जातं.

रिअल टाइम पीसीआरचा रिपोर्ट असेल तर त्यातला सीटी आकडा बघा. तो जितका कमी तितका डीएनए जास्त. साधारण ३.३ ने आकडा घसरला की डीएनए दहापट. ३६ वर आलेला पॉझिटिव्ह आणि २० वर आलेला पॉझिटिव्ह यांच्यात लाखभर पटीचा फरक आहे, पण कागदावर दोन्हींपुढे तोच लाल शिक्का असतो.

आता थोडं कडू. तुम्ही विचारलंत ‘नेमका जिवाणू कोणता’. तो जिवाणूच आहे हे कशावरून? पांढऱ्या डागांचा विषाणू, ज्याला सगळे व्हाइट स्पॉट म्हणतात, आणि ईएचपी हा सूक्ष्म परजीवी, दोन्ही आपल्या किनाऱ्यावरच्या तलावांत नेहमीचे पाहुणे आहेत. १६एसच्या यादीत हे दोन्ही कधीच दिसणार नाहीत, कारण ते जिवाणू नाहीत. ईएचपी एकटा फारसा मारत नाही, वाढ खुंटवतो. पण त्याने पोखरलेल्या एचपीत व्हिब्रिओला मोकळं रान मिळतं आणि एएचपीएनडीची शक्यताही वाढते. मग बशीत व्हिब्रिओ दिसतो, नाव व्हिब्रिओचं होतं आणि मूळ दुखणं तसंच राहतं. तुमच्या तिन्ही रिपोर्टांत या दोघांची तपासणी कुठेच नाही. मी पहिला खर्च त्यावर केला असता. ईएचपीसाठी बीजाणूच्या भिंतीच्या प्रथिनाचं जनुक शोधणारी पीसीआर मागा. जुन्या पद्धतीत ईएचपीच्या नातलगांशी गल्लत व्हायची.

नाशिकमध्ये काय होईल? कोविडनंतर रिअल टाइम पीसीआर यंत्रं इथे अनेक पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहेत. पण यंत्र असणं म्हणजे चाचणी असणं नव्हे. माणसांच्या आजारांचे पॅनल कोळंबीला उपयोगाचे नाहीत, आणि समुद्री जिवाणूला लागणारं मीठही त्यांच्या माध्यमात नसतं. डीएनए काढणं, योग्य किट मागवून पीसीआर करणं, शुद्ध वसाहतीची जनुकं वाचायला पाठवणं, हे इथे बसून जमतं. ऊती बसवलेले पॅराफिनचे, म्हणजे मेणाचे, ठोकळे कापणंही जमतं. कापलेलं वाचायला मात्र कोळंबीचा एचपी रोज बघणारा डोळा हवा. वादाचं निदान असेल तर वर्सोव्यातली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि चेन्नईची केंद्रीय खाऱ्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्था, म्हणजे सिबा, या माझ्या पहिल्या पसंतीच्या. तुमच्या तलावांना तर नाशिकपेक्षा वर्सोवाच सोयीचं पडेल.

म्हणजे आजच्या घडीला करायचं ते असं. दोन आजारी तलाव आणि तिसरा चांगला, तिन्हींतून इथेनॉल आणि डेव्हिडसन असे दोन-दोन संच. त्यांवर आधी व्हाइट स्पॉट, ईएचपी आणि पिर-ए व पिर-बी यांची पीसीआर, सोबत ऊतींचे काप. जिवाणू ताजा वाढवून घेतलात तर त्याच वसाहतींवर विषाच्या जनुकाची चाचणी पुन्हा. यात काहीच हाती लागलं नाही आणि काप मात्र जिवाणूंचा उपद्रव दाखवत असतील, तेव्हा पूर्ण जीनोम किंवा ती लांबलचक यादी. त्या वेळी तिच्यात शोधायचं काय हे ठाऊक असेल. आणि या सगळ्याआधी पहाटेचा विद्राव्य प्राणवायू, अमोनिया आणि तळाचा काळा गाळ तपासा. ही मोजमापं मेहुण्यांच्या वहीत असतील तर ती मला कोणत्याही रिपोर्टाआधी बघायला आवडतील.

रिपोर्ट येईपर्यंत खाद्यात प्रतिजैविक मिसळू नका. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटावर बंदी आहे आणि निर्यातीच्या मालात त्यांचा अंश सापडला की कंटेनर परत येतो. बंदी नसलेल्यांचाही इथे उपयोग नाही. रोग विषाने होतोय की विषाणूने हेच माहीत नसताना औषध कशावर चालवणार? खाद्य कमी करा, एरेटर वाढवा. आजारी तलावाचं पाणी खाडीत सोडू नका, आणि तिकडची जाळी, बादल्या तिसऱ्या तलावाकडे नेऊ नका.

शेवटी तुम्ही विचारलंत, उरलेली कोळंबी घरी खाल्ली तर चालेल का. एएचपीएनडी माणसाला होत नाही. माणसाला त्रास देणाऱ्या पॅराहिमोलिटिकसची विषजनुकं वेगळी, टीडीएच आणि टीआरएच, आणि पाण्यातल्या बहुतेक पॅराहिमोलिटिकसमध्ये ती नसतात. जिवंत पकडलेली ताजी कोळंबी नीट शिजवून खायला हरकत नाही. मात्र साफ करताना हाताला जखम असेल तर हातमोजे घाला, आणि कच्च्या कोळंबीची सुरी व पाट धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरू नका.